सगळ्यांवर प्रीती आणि आपली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मराठी मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी बायबल अभ्यासाचा वर्ग भरतो. बरीच वर्षं तो मी घेते. लूक काढा, मत्तय काढा, नाहीतर रोमकरांस पत्र काढा, तासाभरात बोलणं एकाच ठिकाणी येऊन ठेपतं. देव सांगतो सगळ्यांवर प्रीती करा. इकडे घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलीची फी भरायची राहिलेली, भावाशी जमिनीवरून बोलणं बंद. मग हे ‘सगळे’ म्हणजे कोण, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं कधी? पुण्यात नगर रस्त्यावर आणि बिबवेवाडीत मोठी धर्मशिक्षण विद्यालयं आहेत, तिथे या विषयावर कपाटं भरून ग्रंथ सापडतील. मी लिहितेय ते वर्गात ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी, आणि विचारायला संकोचले त्यांच्यासाठीही.

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ म्हणजे सगळ्यांवर सारखंच प्रेम करायचं ना?

नाही. आपल्या मराठी वचनातच याचं उत्तर आहे. ‘सारखी’ हा शब्द तिथे ‘स्वतः’ला चिकटून आलाय. स्वतःसारखी. ‘सगळ्यांवर सारखी’ असं वचन म्हणत नाही. मला भूक लागली की आपण जेवायला लायक आहोत का, असा विचार मी करत बसत नाही, उठून पोळी-भाजी घेते. तेवढ्याच सहजपणे दुसऱ्याच्या भुकेकडे बघ, एवढं ते वचन मागतं. कोणाला किती द्यायचं याचं कोष्टक त्यात नाही.

हे वचन मुळात लेवीय 19:18 मधलं. तिथे त्याच दमात ‘आपल्या लोकांवर’ आकस धरू नको असंही आहे, म्हणून शेजारी म्हणजे आपल्यातलाच, असं कोणी म्हणू शकलं असतं. पण त्याच अध्यायाच्या 34व्या वचनात परदेशीयावरही स्वतःसारखीच प्रीती करायला सांगितलंय, आणि कारण दिलंय की तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात परके होता. म्हणजे कुंपण घालायला जागा ठेवलेलीच नाही.

लूकच्या 10व्या अध्यायातला शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचा जाणकार, नेमकं हे कुंपणच शोधत होता. ‘माझा शेजारी कोण?’ हा त्याचा प्रश्न. ग्रीक शब्द आहे ‘प्लेसिऑन’, अर्थ अगदी साधा: जवळचा. येशूने गोष्ट सांगितली: वाटेत चोरांनी मारून टाकलेला एक माणूस, त्याला बघून पुढे गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला शोमरोनी, यहुद्यांच्या नजरेत परका. शेवटी त्याने प्रश्न फिरवून शास्त्र्याच्याच हातात दिला: या तिघांपैकी त्या मार खाल्लेल्याचा शेजारी कोण झाला? शेजारी कोण ‘आहे’ हे शोधायचं नाही, शेजारी ‘व्हायचं’.

या गोष्टीतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो आणि उपदेशांत तो क्वचित ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून जातो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर काळजी घेतो, सकाळी दोन दीनार काढून देतो आणि पुढे जातो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो. त्याला कुठेतरी पोचायचं होतं, कदाचित घरी कोणी वाट बघत असेल. येशू त्याला थांबला नाही म्हणून दोष देत नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी ती वाट चोरांची होती, असे किती पडले असतील. त्यांना शोधत तो रानोमाळ फिरला नाही. वाटेत आलेल्याला मात्र ओलांडून गेला नाही.

अगापे हे देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि बाकीची प्रेमं खालच्या पायरीची, असं ऐकलंय. खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. विसाव्या शतकात स्वीडनचे धर्मपंडित आंदेर्स न्यूग्रेन यांनी अगापे आणि एरोस, म्हणजे ओढीचं प्रेम, यांच्यात खोल दरी दाखवली आणि तेव्हापासून ही वाटणी जगभरच्या व्यासपीठांवर रुजली. पण मूळ ग्रीक उघडून बघितलं की शब्द इतके शिस्तीत वागत नाहीत. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान 3:35 मध्ये ‘अगापे’च्या क्रियापदाने सांगितलंय आणि 5:20 मध्ये ‘फिलिया’च्या, म्हणजे मैत्रीच्या. प्रेषित पौलाचा सोबती देमास जगाच्या प्रेमात पडून त्याला सोडून गेला, तिथेही क्रियापद अगापेचंच. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तर अम्नोनाच्या तामार या सावत्र बहिणीवरच्या वासनेलाही तोच शब्द आलाय.

शिवाय रोमकरांस पत्राच्या 12:10 मध्ये पौल बंधुप्रेमाबद्दल बोलताना घरच्या मायेचा शब्द वापरतो, आईला लेकराबद्दल वाटते ती माया. घरात जे शिकलात ते मंडळीत आणा, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे माया, लळा, जिव्हाळा, ओढ असे किती शब्द आहेत. त्यातला एकही देवाला परका नाही.

प्रभू येशूने कोणावर जास्त प्रेम केलं का?

हो, आणि लपवलंही नाही. बारा शिष्यांमधून तिघांना तो जवळ घेई: पेत्र, याकोब, योहान. गेथशेमाने बागेत जीव कासावीस झाला तेव्हा जवळ याच तिघांना बोलावलं. ‘येशूची ज्याच्यावर प्रीती होती तो शिष्य’ अशी एकाची ओळखच योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मार्था, तिची बहीण आणि भाऊ लाजर यांच्यावर त्याची प्रीती होती असं योहान 11:5 मध्ये स्पष्ट लिहिलंय. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, तेव्हा लोक म्हणाले, बघा याची त्याच्यावर किती प्रीती होती. त्या दिवशी यहुदियात आणखीही माणसं मेली असतील. त्यांच्यासाठी तो रडल्याचं लिहिलेलं नाही, आणि तरीही तो सगळ्या जगासाठी मरणार होता. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदल्या, हे मला या सगळ्या विषयाचं मूळ वाटतं.

मग ‘आईबापांचा द्वेष केल्यावाचून माझा शिष्य होता येत नाही’ असं तोच का म्हणतो?

लूक 14:26. हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि बहुतेक अशा कोणाकडून येतो ज्याने हे घरी सोसलेलं असतं.

आधी भाषेचं सांगते. इब्री बोलण्यात दोघांतल्या एकाला मागे ठेवणं यालाही ‘द्वेष’ म्हणत. उत्पत्तीच्या 29व्या अध्यायात याकोबाच्या दोन बायका, आणि त्याची राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रीती होती असं म्हटलंय आणि लगेच पुढच्या वचनात लेआ ‘द्वेषलेली’ होते. मत्तय 10:37 मध्ये येशूचं हेच वचन ‘माझ्यापेक्षा जो आईबापांवर अधिक प्रीती करतो’ असं येतं. त्यामुळे आईबापांबद्दल मनात कडवटपणा बाळगा असा याचा अर्थ नाही. शिवाय मार्कच्या 7व्या अध्यायात येशू परूश्यांवर, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथावर, चिडलाय तो नेमका उलट कारणासाठी. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो सोडत नाही. आणि वधस्तंभावर श्वास घेणं कठीण झालेलं असताना त्याने आपल्या आईची सोय लावली.

पण एवढं सांगून मी थांबले तर वचनाची धार बोथट केल्यासारखं होईल. धार खरी आहे. ब्राह्मण घरात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. लहानगा मुलगा दत्तू मध्ये. त्या काळात लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच सांगितलंय, ते वाचताना टिळकांच्या बाजूने बोलणं मला जड जातं. पुढे त्या परत आल्या त्याही आपल्या अटीवर आल्या, काही काळ सोवळं जपून राहिल्या, आणि 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते या गोष्टीत दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. देवाच्या हाकेपुढे घर आडवं आलं तर हाक मोठी, हे टिळकांनी मानलं. पण हाक मोठी म्हणून घरच्या माणसाचं दुःख छोटं होत नाही, आणि ते छोटं मानणाऱ्याला हे वचन आधार देत नाही.

आपल्या माणसाला आधी मदत करणं हा पक्षपात नाही का?

यावर दोन थोरांनी विचार केलाय. आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहितो की सगळ्यांवर सारखीच प्रीती करायची आहे, पण सगळ्यांच्या उपयोगी पडणं आपल्या हातात नाही. म्हणून स्थळ, काळ, प्रसंग यांनी जे आपल्याशी जोडले गेले त्यांची काळजी आधी घ्यायची. त्याने दिलेला दाखला मला आवडतो. तुमच्याकडे एकालाच देता येईल एवढं काही आहे आणि गरजेने सारखे, नात्याने सारखेच दूर असे दोघे समोर आले, तर तुम्ही चिठ्ठी टाकाल. तसंच, जे आपल्या जवळ येऊन पडले ते जणू चिठ्ठीने आपल्या वाट्याला आले असं समजा. मी कोणाच्या पोटी जन्मले, कुठल्या वाड्यात वाढले, कोण माझ्या शेजारच्या बाकावर बसलं, यात माझी हुशारी काही नाही. वाट्याला आलेली माणसं, एवढंच.

तेराव्या शतकातले थॉमस अक्विनस इथे ऑगस्टीनच्या पुढे जातात. ‘प्रीतीचा क्रम’ या एकाच प्रश्नाचे त्यांनी 13 भाग पाडले. त्यांच्या मते फरक फक्त मदतीतच नसतो, प्रेमातही असतो, आणि असायलाच हवा. सगळ्यांसाठी आपण एकच मोठं भलं इच्छितो, त्यांना देव मिळावा हे. पण जवळच्यांवर आपली प्रीती अधिक उत्कट असते आणि तिला जास्त वाटा फुटतात: आईला आई म्हणूनही प्रेम मिळतं आणि देवाचं लेकरू म्हणूनही.

मला अक्विनसचं पटतं. ऑगस्टीनसारखं मानलं तर माझी मुलगी माझ्यासाठी फक्त हिशेबाच्या सोयीने पहिली ठरते, आणि कुठल्याच आईला हे खरं वाटणार नाही. पण ऑगस्टीनची चिठ्ठी मी सोडत नाही. माझी मुलगी इतरांच्या मुलींपेक्षा देवाला जास्त प्यारी आहे, हा भ्रम ती चिठ्ठी मोडून काढते. किंमत सगळ्यांची सारखी, जबाबदारी मात्र वाटून आलेली, असं मी वर्गात सांगते.

आई की बायको?

हसू नका, अक्विनसने हाही प्रश्न घेतलाय. त्याचं उत्तर: प्रेमाची उत्कटता बायकोवर जास्त, आदर आईवडिलांचा जास्त. आमच्या वर्गातल्या सासवांना हे पूर्ण पटलेलं नाही आणि सुनांनाही नाही, त्यामुळे बहुधा बरोबर असावं.

पुरात दोघं बुडतायत आणि एकालाच वाचवता येणार आहे. तर?

पुण्यात हा प्रश्न निघाला की जुन्या माणसांना 12 जुलै 1961 आठवतो. पानशेतचं धरण फुटलं, मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं. हाताला लागेल त्याला ओढून वर घेतलं, अशा आठवणी ऐकत मी वाढले. त्यात कोणी नातं विचारल्याचं ऐकलं नाही. आपल्या पोराला आधी उचलणाऱ्या बापालाही कोणी नावं ठेवली नाहीत.

समोर दोघं सारख्याच संकटात असतील तर आपल्या माणसाकडे हात आधी जाणार, आणि त्याचा अपराध वाटून घेऊ नये. पण संकट सारखं नसेल तर क्रम बदलतो. अक्विनस हे स्पष्ट म्हणतो: परका प्राणांतिक गरजेत असेल आणि आपले वडील तेवढ्या गरजेत नसतील, तर आधी परक्याला मदत करावी. नात्याचा क्रम खरा, पण गरज तो ओलांडू शकते.

इथे मला सावित्रीबाई फुले आठवतात. 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतलं आणि यशवंतच्या दवाखान्यात नेलं. यशवंत त्यांचा दत्तक मुलगा, डॉक्टर. परक्याचं लेकरू पाठीवर आणि वाट आपल्या लेकाच्या दारची. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. येशूची गोष्ट ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने शोमरोनीही आपल्या धर्माचा नव्हता.

मैत्री म्हणजे शेवटी स्वतःवरचंच प्रेम, असं एका तत्त्ववेत्त्याने म्हटलंय म्हणे?

डेन्मार्कचे सोरेन किर्केगार्द, 1847 साल. त्यांचं म्हणणं असं की मित्र किंवा प्रियकर आपण निवडतो ते आवडीने, आणि आवड म्हणजे आपलंच लांबलेलं ‘मी’. शेजाऱ्यावरची प्रीती मात्र आज्ञा म्हणून येते, ‘तू कर’ म्हणून, त्यामुळे ती रुसत नाही, आटत नाही, माणूस बदलला तरी बदलत नाही.

रोग त्यांनी अचूक ओळखलाय. माझी एक जिवलग मैत्रीण होती. तिने माझ्या मताविरुद्ध मुलाचं लग्न ठरवलं आणि मी सहा महिने तिच्याकडे गेले नाही. त्या सहा महिन्यांत मला कळलं की मी तिच्यावर नाही, तिच्या ‘हो ला हो’वर प्रेम करत होते. पण म्हणून मैत्रीच संशयास्पद, हे मला मान्य नाही. किर्केगार्दही मैत्री तोडा म्हणत नाहीत, मित्रातला शेजारी विसरू नका म्हणतात, फक्त इतक्या कडक आवाजात की मैत्रीचा आनंद ऐकूच येत नाही. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या रिव्होच्या मठाचे प्रमुख एलरेड यांनी मैत्रीला देवाकडे जाणारी पायरी मानलं. मी त्यांच्या बाजूने आहे. मैत्रिणीकडे मी परत गेले. तिने दार उघडलं आणि म्हणाली, “चहा टाकू का?” बास, एवढंच.

‘विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं बरं करा’ असं वचन आहे. मग आपल्या लोकांनाच आधी का नाही?

गलतीकरांस 6:10. ते वचन नीट वाचलं तर ‘सर्वांचं बरं करा’ हे आधी येतं, ‘विशेषतः’ नंतर. मंडळी हे घर आहे, आणि घरातल्या विधवेचं, म्हाताऱ्याचं आपणच बघायचं. यात गैर काही नाही. फक्त हेही लक्षात असू द्या की क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जमीन 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, आपल्या सैन्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी. पुण्यात आपल्याला पहिलं छप्पर मिळालं ते विश्वासाच्या घराण्याबाहेरून.

पण खरं दुखणं वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट लिहिते. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘आपले लोक’ म्हणताना पुष्कळदा विश्वास डोक्यात नसतो, जात असते. स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ असं हळू आवाजात विचारलं जातं. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतलेली माणसं लग्नाच्या बोलणीत तीन पिढ्यांमागचं गाव आणि आळी काढतात. मग कोणी म्हणतं, ताई, तुम्हीच सांगता ना की जवळच्यांवर जास्त प्रेम चालतं?

नाही, हे ते नव्हे. नातं एका माणसाशी असतं, त्याचा चेहरा असतो, त्याच्यासाठी आपण रात्री जागलेले असतो. जात माणसाचं नावसुद्धा विचारत नाही, आडनाव विचारते. आईवर जास्त प्रेम केल्याने शेजारणीची किंमत कमी होत नाही. जातीचं प्रेम मात्र दुसऱ्याला खाली ठेवल्याशिवाय उभंच राहत नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायापाशी बसवणाऱ्या मंडळीला सरळ पापी म्हटलंय. आपल्या बाकांची रचना त्या अध्यायासमोर ठेवून बघायला हवी.

माझ्या हाताखाली जागा निघालीय. भाच्याला लावला तर?

स्वतःच्या खिशातून भाच्याची फी भरा, त्याला मुलाखतीची तयारी करून द्या, घरी ठेवून घ्या. हे तुमचं प्रेम, तुमच्या ऐपतीतून. पण ती जागा तुमची नाही, तुमच्यावर विश्वासाने सोपवलेली आहे, आणि रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलालाही कोणीतरी मामा असेल ज्याच्या हातात काही नाही. स्वतःचं वाटताना जवळचा आधी चालतो. सगळ्यांचं वाटताना नाही.

आईच्या सेवेत पूर्ण दिवस जातो, मंडळीच्या सेवेला, गरिबांना वेळच उरत नाही. माझं चुकतंय का?

हे विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि सगळ्या थकलेल्या असतात. आधी हे ऐका: तुमचं चुकत नाहीये. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास नाकारतो, असं तीमथ्याला पहिल्या पत्रात 5:8 ला लिहिलंय. आईचं अंग पुसणं हीच उपासना, आणि त्यासाठी शुक्रवारचा वर्ग चुकला तर चुकू दे. आणि जे भाऊ ‘बाहेरच्या सेवे’त रमून आईला बहिणीवर सोडतात, त्यांनी मार्कातलं ‘कुर्बान’ पुन्हा वाचावं.

माझी आई शेवटच्या आजारात तीन आठवडे दवाखान्यात होती. मी सकाळी पेज करून दोन पुडांच्या स्टीलच्या डब्यातून नेई, खाली पेज, वर मऊ भात. शेजारच्या खाटेवर दौंडकडच्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा दाखल करून गेला तो चार दिवस फिरकला नव्हता. एका सकाळी आईने दोन घोट घेतले आणि वाटी माझ्या हातानेच बाजूला सरकवली. “तिलाही दे,” म्हणाली. मी चिडले. आईचं वजन उतरत होतं, ती पेज मी पहाटे उठून तिच्यासाठी केली होती. मी म्हटलं, “तू खा आधी.” ती म्हणाली, “अगं, तिला वास येतोय.” मी उठले, आजींना चमच्याने भरवू लागले. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, सुरकुतलेल्या बोटांनी, डबा काढून घेतील या भीतीने असावं. दुसऱ्या दिवसापासून मी तांदूळ मूठभर जास्त टाकायला लागले. पातेलं तेच होतं.

तुम्हाला नवा वेळ कुठून काढायचा ते मी सांगू शकत नाही. तुम्ही आहात तिथेच, शेजारच्या खाटेवर कोण आहे, तेवढं बघता आलं तर बघा.

ज्यांना नवरा, मुलं, जवळचं कोणी नाही, त्यांनी काय करायचं?

मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप येतो, तेव्हा येशू भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो, हे पाहा माझी आई आणि माझे भाऊ. यात घरच्यांचा अपमान नाही. घराच्या भिंती रुंद केल्यात.

पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे भाऊही गेला, नवराही. उरली एक मुलगी, मनोरमा. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली, पुढच्याच वर्षी ती पुण्यात आणली. मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. उपाशी मरणं म्हणजे काय हे त्यांनी आपल्या आईत पाहिलं होतं. परक्यांच्या लेकींपर्यंत त्यांना नेलं ते घरच्या दुःखानेच, असं मला वाटतं.

मनोरमाचं काय, असंही वर्गात कोणी विचारतं, आणि विचारायला हवं. रमाबाई अमेरिकेत असताना ती लहान मुलगी काही काळ इंग्लंडात वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिली. तिला कसं वाढवायचं यावरून त्या भगिनींशी रमाबाईंचा पत्रांतून वाद झाला आणि आई म्हणून आपला हक्क रमाबाईंनी सोडला नाही. पुढे मनोरमा आईच्याच कामात उभी राहिली. 1921 मध्ये ती गेली, वर्षाच्या आत, एप्रिल 1922 मध्ये, रमाबाईही गेल्या. शेकडो मुलींची आई असलेल्या बाईलाही एकुलत्या एका मुलीचं मरण सोसावं लागलं, आणि बाकीच्या मुली होत्या म्हणून ते हलकं झालं असेल असं म्हणायची माझी हिंमत नाही.

शत्रूवर प्रीती तरी शक्य आहे का? आमच्या सोसायटीतल्या माणसाशी बोलणंच होत नाही.

मत्तय 5:47 मध्ये येशू फार साधी गोष्ट धरतो. तुम्ही फक्त आपल्या भावांनाच सलाम केलात तर विशेष काय केलंत? सलाम. म्हणजे सुरुवात जिन्यात होते.

आई हयात असतानाची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी गाडी लावायच्या जागेवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. सोसायटीच्या सभेत मी त्यांना बोलू नये ते बोलले होते, त्यांनीही मला. नाताळात आम्ही करंज्या, चकल्या, शंकरपाळे करून इमारतीत ताटं वाटतो. त्या वर्षी आईने क्रोशाचे रुमाल मोजून काढले, नऊ. मी म्हटलं, आठच घरं आहेत. ती काही बोलली नाही, नववं ताट भरत राहिली. करंज्या मोडू नयेत म्हणून कडेला उभ्या लावल्या.

मी ताट घेऊन वर गेले. बेल वाजवायला बराच वेळ लागला मला. दार त्यांनीच उघडलं, ताट घेतलं, “बरं” म्हणाले आणि दार लावलं. मी खाली आले आणि आईला म्हटलं, बघ, मिळालं ना उत्तर. ती शंकरपाळ्याचे तुकडे डब्यात भरत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस आल्या. ताट घासून, पुसून आणलं होतं, रुमाल धुऊन इस्त्री केलेला, आणि रिकामं ताट परत देत नाहीत म्हणून त्यात वाटीभर साखर. “तुमच्या आईंना गुडघ्याचा त्रास आहे ना अजून?” त्यांनी विचारलं. गाडीच्या जागेचा वाद अजून मिटलेला नाही.